विश्लेषण : ऑफ-रोडिंगसाठी गाडीचा ‘स्वे बार’ काढून टाकावा का? चिखलात फायदा, मग घाटात काय?

पावसाळा सुरू झाला की सह्याद्रीतल्या चिखलवाटांवर थार, जिमनी, गुरखा उतरतात आणि त्यांच्या रील मोबाइलवर फिरू लागतात. त्यातले एक दृश्य ठरलेले असते. गाडीचे एक चाक दगडावर चढलेले, शेजारचे खड्ड्यात लोंबलेले, तरी चारही चाके जमिनीला चिकटून आणि गाडी निवांत पुढे सरकते आहे. खाली मजकूर येतो : स्वे बार काढा आणि फरक बघा. काम अर्ध्या तासाचे, हत्यारे पान्याची, खर्च जवळपास शून्य.

फरक दिसतो हे खरेच आहे. पण तीच गाडी संध्याकाळी द्रुतगती मार्गाने ताशी 100 किमी वेगाने घरी परतते, तेव्हा काय होते, हे रीलमध्ये नसते.

स्वे बार नेमके काय काम करतो?

गॅरेजमध्ये याला ‘स्टॅबिलायझर रॉड’ म्हणतात, कंपनीच्या तपशीलपत्रकात ‘स्टॅबिलायझर बार’ किंवा ‘अँटी-रोल बार’. स्प्रिंगच्या पोलादाचा, साधारण इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराचा हा दांडा असतो. त्याचा मधला भाग रबरी बुशमध्ये धरून चेसिसला बसवलेला असतो आणि दोन्ही टोके लिंक रॉडने डाव्या-उजव्या चाकाच्या सस्पेन्शनला जोडलेली असतात. अशा दांड्याचे पेटंट कॅनडातल्या एका संशोधकाने 1919 मध्येच घेतले होते, म्हणजे कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे.

दोन्ही चाके एकाच वेळी वर उचलली गेली, उदाहरणार्थ गतिरोधकावर, तर हा दांडा बुशमध्ये नुसता फिरतो आणि काहीच करत नाही. एक चाक वर आणि दुसरे खाली गेले, की मात्र त्याला पीळ बसतो. ओला टॉवेल पिळताना तो जसा हातांना विरोध करतो, तसा हा दांडा चाकांना विरोध करतो. वळणावर गाडीचे अंग बाहेरच्या बाजूला झुकू लागते, तेव्हा नेमकी हीच स्थिती असते. दांडा पीळ सोडवू पाहतो आणि गाडी कमी झुकते. त्याची ताकद जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असते. जाडी 20 टक्के वाढवली, तर कडकपणा दुपटीहून किंचित जास्त होतो.

मग ऑफ-रोडर तो काढतात का?

कारण खडकाळ वाटेवर हाच विरोध आड येतो. तिथे डावे चाक वर आणि उजवे खाली जाणे ही रोजचीच गोष्ट. दांडा त्यांना एका पातळीत आणू पाहतो, मग खालच्या चाकावरचा भार कमी होतो आणि शेवटी ते हवेत लटकते. साध्या डिफरन्शियलच्या गाडीत एक चाक हवेत गेले की ते गरगर फिरत राहते आणि जमिनीवरच्या जोडीदाराला जोर मिळत नाही. गाडी तिथेच थांबते.

दांडा सुटला की चाके एकमेकांपासून मोकळी होतात. ऑफ-रोडिंगमध्ये या मोकळेपणाला ‘आर्टिक्युलेशन’ म्हणतात आणि ते मोजण्याची रीतही ठरलेली आहे. 20 अंशांच्या उतरत्या फळीवर गाडीचे एक पुढचे चाक चढवायचे आणि दुसरे कुठलेही चाक जमीन सोडेपर्यंत गाडी किती वर गेली ते पाहायचे. ते अंतर व्हीलबेसने भागून हजाराने गुणले की गुण मिळतात. दांडा सोडल्यावर हे गुण वाढतात. शिवाय खड्ड्यांच्या वाटेवर माणसांची डोकी डावीकडून उजवीकडे आपटतात, तेही बरेच कमी होते. हा दुसरा फायदा रीलमध्ये दिसत नाही, पण चार तास गाडीत बसणाऱ्याला तोच जास्त जाणवतो.

अमेरिकेतला सल्ला थारला लागू पडतो का?

‘स्वे बार काढा’ हा सल्ला मुख्यतः जीप रँग्लरच्या जगातून आला आहे. रँग्लरला पुढे आणि मागे दोन्हीकडे सलग अ‍ॅक्सल आहे. अशा अ‍ॅक्सलचे एक टोक वर गेले की दुसरे आपोआप खाली दाबले जाते, त्यामुळे चाकांना हलायला मुळात भरपूर वाव असतो आणि त्यात मोठा अडथळा या दांड्याचाच असतो. तो सोडला की फायदा डोळ्यांत भरतो.

नाशिकच्या कारखान्यातून बाहेर पडणारी 2020 नंतरची थार वेगळी आहे. तिचे मागचे अ‍ॅक्सल सलग असले, तरी पुढे डबल विशबोन पद्धतीचे स्वतंत्र सस्पेन्शन आहे. 2024 मध्ये आलेली थार रॉक्स आणि 2021 नंतरची फोर्स गुरखा यांचीही पुढची बाजू स्वतंत्रच. अशा रचनेत चाक किती खाली जाऊ शकेल, हे आधी विशबोनच्या लांबीवर आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरवर ठरते. पुढचा दांडा काढून तिथे जो थोडा वाव मिळतो, तो रँग्लरच्या तुलनेत तोकडा असतो. भारतात 2023 मध्ये आलेल्या पाच दारी जिमनीला मात्र दोन्हीकडे सलग अ‍ॅक्सल आहे. तिच्या बाबतीत अमेरिकेतला हिशेब जास्त जुळतो.

दुसरा मुद्दा त्याहून मोठा. हवेत लटकलेल्या चाकाची अडचण सोडवायला आता इतर साधने आहेत. गुरखाला पुढे-मागे दोन्हीकडे डिफरन्शियल लॉक कंपनीतूनच मिळतो. थारच्या काही प्रकारांत मागे लॉक आहे. जिमनी फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून जोर दुसऱ्या चाकाकडे वळवते. म्हणजे दांडा काढून जे साधायचे, त्यातले बरेचसे काम एक बटण दाबून होते. आणि 2023 पासून विकली जाणारी टू-व्हील ड्राइव्ह थार ज्यांनी घेतली आहे, त्यांनी दांडा काढण्यात फारसा अर्थ नाही, तो निव्वळ हौसेचा भाग झाला.

रस्त्यावर नेमके काय बिघडते?

इथे एक गैरसमज दोन्ही बाजूंनी आहे. विरोधक म्हणतात, दांडा काढला की गाडी उलटणारच. समर्थक म्हणतात, थोडी झुकते एवढेच. दोघांचेही अर्धेच बरोबर.

वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर एकूण किती भार सरकेल, हे गाडीचे वजन, वळण घेण्याचा वेग, गुरुत्वमध्याची उंची आणि डाव्या-उजव्या चाकांतले अंतर यांवर ठरते. दांड्याने या एकूण आकड्यात मोठा फरक पडत नाही. दांडा ठरवतो ते हे, की त्या भारातला किती वाटा पुढच्या जोडीने उचलायचा आणि किती मागच्या. खरी गंमत, आणि खरा धोकाही, या वाटणीत आहे.

कंपन्या ही वाटणी मुद्दाम पुढे झुकती ठेवतात. वेग जास्त झाला तर पुढची चाके आधी घसरावीत, गाडी वळणाबाहेर सरळ जाऊ पाहावी आणि घाबरलेल्या चालकाने पाय उचलताच ती सावरावी, असा तो हिशेब असतो. पुढचा दांडा काढला की वाटणी मागे सरकते. आता मागची चाके आधी घसरू शकतात, म्हणजे गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जाण्याची शक्यता वाढते. उंच, आखूड गाडीत आणि ओल्या घाटरस्त्यावर सामान्य चालकाला हे सावरणे कठीण. फक्त मागचा दांडा काढला तर उलट होते. गाडी वळायला जड होते, जास्त झुकते, पण तिचा स्वभाव तुलनेने ओळखीचा राहतो. ‘स्वे बार काढला’ एवढेच सांगणारा माणूस पुढचा काढला की मागचा हे सांगत नाही, तोवर त्याच्या अनुभवाचा दुसऱ्याला फार उपयोग नाही.

संथ वळणापेक्षा वाईट प्रसंग म्हणजे अचानक आडवे आलेले कुत्रे किंवा दुचाकी. चालक स्टिअरिंग झटकन एका बाजूला फिरवतो आणि लगेच उलट फिरवतो. पहिल्या झटक्यात एका बाजूला खोल झुकलेले अंग दुसऱ्या झटक्यात जोराने उलट दिशेला फेकले जाते. दांडा नसेल तर हा झोका मोठा आणि उशिरा येणारा असतो. ऑक्टोबर 1997 मध्ये स्वीडनच्या ‘टेक्निकेन्स वर्ल्ड’ या नियतकालिकाने अशाच चाचणीत नवी मर्सिडीज ए-क्लास उलटवली होती. त्या गाडीचा कुठलाही भाग काढलेला नव्हता. तरी कंपनीला विक्री थांबवून सस्पेन्शन बदलावे लागले आणि इलेक्ट्रॉनिक स्थिरता प्रणाली सगळ्या ए-क्लासमध्ये द्यावी लागली. उंच गाडी आणि दोन झटके हे गणित किती नाजूक असते, हे जगाने तेव्हा पाहिले.

आता तर ती प्रणाली आहेच, मग काळजी कशाला, असा युक्तिवाद होतो. पण चाकांना वेगवेगळा ब्रेक लावून गाडी सावरणारी ही प्रणाली मूळ सस्पेन्शन गृहीत धरून जुळवलेली असते. ती मदत करेल, मात्र गाडीचे झुकणे ती काढून टाकू शकत नाही. त्यात दांडा काढणारे बहुतेक जण लिफ्ट किट आणि मोठे टायरही बसवतात. गुरुत्वमध्य वर जातो, म्हणजे वरच्या हिशेबातला एकूण भारही वाढतो.

काढण्याऐवजी दुसरा मार्ग आहे का?

आहे, आणि तो कंपन्यांनीच दाखवला आहे. पुण्याजवळ रांजणगावला जुळणी होणाऱ्या रँग्लर रुबिकॉनमध्ये पुढचा दांडा बटण दाबून सोडता येतो. तो फक्त फोर-व्हील ड्राइव्हमध्ये आणि कमी वेगात सुटतो. वेग ताशी 29 किमीच्या वर गेला की आपोआप पुन्हा जोडला जातो. फोर्डच्या नव्या ब्रॉन्कोत चाके तिरकी असतानाही सुटणारी हायड्रॉलिक सोय मिळते. टोयोटाने आपल्या काही गाड्यांत दोन्ही दांडे हायड्रॉलिक सिलिंडरने एकमेकांशी जोडून हाच प्रश्न वेगळ्या पद्धतीने सोडवला. या तिन्ही कंपन्या ऑफ-रोडिंगसाठीच ओळखल्या जातात, तरी दांडा कायमचा काढून टाकावा असे त्यांना वाटले नाही.

थार, गुरखा, जिमनीत अशी सोय कंपनीकडून नाही. त्यांच्यासाठी पिन ओढून सोडता येणारे लिंक रॉड हा मधला मार्ग. वाट सुरू होताना सोडायचे, डांबर लागायच्या आधी जोडायचे. यात सुटलेले टोक नीट बांधून ठेवावे लागते, नाहीतर ते टायरला किंवा ब्रेकच्या नळीला घासते. चाक आधीपेक्षा खाली लोंबते, तेव्हा तीच नळी ताणली तर जात नाही ना, हेही जॅकवर गाडी चढवून एकदा पाहायला हवे. आणि दोन्ही बाजूंचे लिंक सोडावेत. एकच सोडला तरी दांडा निकामी होतोच, वर त्याचे मोकळे टोक चाकासोबत वर-खाली हलत राहते.

कायदा आणि विमा काय सांगतात?

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कडक अर्थ लावला. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ नुसार बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

प्रमाणपत्रात स्वे बारचा रकाना नसतो. नाक्यावर कुणी गाडीखाली वाकून तो शोधेल, याचीही शक्यता कमी. प्रश्न उभा राहतो तो अपघातानंतर. पाहणीत दांडा नसल्याचे दिसले, तर बदल कळवला नव्हता, असा मुद्दा विमा कंपनी काढू शकते आणि स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकू शकतो.

जुनी फोर-बाय-फोर विकत घेणाऱ्यांसाठी एक वेगळीच अडचण आहे. झिजलेल्या लिंक रॉडमुळे खड्ड्यात ‘खटखट’ आवाज येतो, आणि तो भाग बदलण्याऐवजी काही ठिकाणी दांडाच काढून दिला जातो. आवाज थांबतो, गाडी विकली जाते, नव्या मालकाला काहीच कळत नाही. त्यामुळे व्यवहाराआधी टॉर्च घेऊन पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलजवळ पाहावे. कंपनीच्या तपशीलपत्रकात स्टॅबिलायझर बार लिहिलेला असेल आणि चेसिसवर बुशच्या पट्ट्यांची बोल्टची भोके रिकामी दिसत असतील, तर तो कुठे गेला, हे आधीच्या मालकाला विचारावे आणि तो परत बसवून घेण्याचा खर्च किमतीतून वजा करावा.