तानपुऱ्याशेजारी मोबाईल

परवा लातूरला एका गायकमित्राकडे गेलो होतो. तानपुरा जुळला होता, तबलजींनी हातोडी खाली ठेवली होती, पण गाणे सुरू होईना. तिवईवरचा मोबाईल सारखा कलत होता. शेवटी मुलीने त्याला दप्तराचा टेकू दिला आणि बजावले, ‘‘बाबा, दीड मिनिटात आटपा हं!’’ ज्यांच्या पूरियाच्या नुसत्या आलापीला मी पाऊण तास बसलो आहे, ते गृहस्थ मुकाट्याने दीड मिनिट गायले. मला आधी हसू आले, मग वाईट वाटले.

आपल्याकडे गवयाने स्वतःबद्दल बोलू नये, असा रिवाज. बोलायचे ते शिष्यांनी. नांदेडच्या अण्णासाहेब गुंजकरांचे नाव आज बाहेरच्या रसिकांना ठाऊक आहे ते बव्हंशी पं. नाथराव नेरळकरांचे गुरू म्हणून. नेरळकरही नांदेडचेच. 1935 चा जन्म. पुढे तेव्हाच्या औरंगाबादेत राहून त्यांनी शिष्य घडवले. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला तो 2014 सालचा, म्हणजे ऐंशीच्या उंबरठ्यावर! मार्च 2021 मध्ये ते गेले.

एवढी वाट आजच्या तरुण गायकाने का पाहावी? नांदेडहून मुंबई म्हणजे रात्रभराची गाडी. शंकरराव चव्हाणांच्या स्मृत्यर्थ नांदेडला ‘संगीत शंकर दरबार’ भरतो, मोठमोठे कलावंत येतात. पण वर्षाचे उरलेले दिवस इथल्या गवयाने कुणापुढे गायचे? तो इंटरनेटवर स्वतःची ओळख स्वतः करून देत असेल, तर त्यात कमीपणा कसला?

मित्राला त्यातूनच अमेरिकेतली एक मराठी शिष्या मिळाली. शिकवणी मात्र गमतीची. आवाज क्षणभर उशिरा पोचतो, त्यामुळे दोघांना एकत्र गाता येत नाही आणि इकडच्या ठेक्यावर तिकडे सम साधत नाही. त्यातून फोन तानपुऱ्यालाच गोंगाट समजून त्याचा आवाज दाबतो! ती खोड मोडायला फोनमध्ये कुठली कळ फिरवायची, हे मित्राला आता तोडीच्या गंधाराइतके पाठ आहे.

माझी तक्रार फोनबद्दल नाही, आपल्याबद्दल आहे. दीड मिनिटाच्या त्या गाण्याला गल्लीतूनच शंभरावर ‘वाहवा’ येतात. गेल्या महिन्यात याच मित्राने बैठक ठेवली, तिकीट नव्हते, चहाही होता. माणसे आली अकरा. बाकीच्यांना मुलांची शिकवणी आडवी आली. लातूरला ते कारण नेहमी हाताशी असते. मीही गेलो नव्हतो. घरी बसून त्याचीच एक चित्रफीत चौघांना पुढे पाठवली होती.

त्या संध्याकाळी मुलीने फोन उचलून नेला. मित्र म्हणाला, ‘‘बसताय ना जरा?’’ आणि त्याने पुन्हा षड्ज लावला. घड्याळ पाहिले तेव्हा माझी नांदेडची बस कधीच सुटली होती.