सोलापुरात पाहायचे काय? १८१८ साली थांबलेली यादी

१/१३
सोलापुरात पाहण्यासारखे काय आहे, असे विचारले की उत्तर ठरलेले असते : सिद्धेश्वराचे मंदिर, भुईकोट किल्ला, चादरीची खरेदी आणि मग पंढरपूर, तुळजापूर किंवा अक्कलकोटची गाडी. या यादीत चुकीचे काही नाही. मात्र तिचा इतिहास १८१८ साली थांबतो. आजचे सोलापूर ज्या कष्टकऱ्यांनी उभे केले, त्यांच्या जागांना तीत स्थान नाही. या धाग्यात त्या जागांची बाजू मांडली आहे.

२/१३
प्रारंभ मंदिरापासूनच करावा. सिद्धरामेश्वर हे बाराव्या शतकातील शिवयोगी, बसवेश्वरांचे समकालीन आणि कन्नड वचनकार. सोन्नलगी हे तेव्हाचे गावाचे नाव. मंदिराभोवतीचा तलाव त्यांनी लोकांच्या श्रमातून खोदवला, अशी परंपरा आहे. दर संक्रांतीला गड्ड्याची यात्रा भरते आणि उंच नंदीध्वज खांद्यावर पेलत भक्त सारे शहर चालून जातात. म्हणजे यादीतील पहिल्या नावाच्या मुळाशीही श्रमच आहेत.

३/१३
तलावाला लागून भुईकोट किल्ला आहे. बहमनी काळातील हे दुर्ग, दुहेरी तटाचे. विजापूर आणि अहमदनगर यांच्या सीमेवर असल्याने दोन्ही दरबारांचा त्यावर डोळा होता. १५२० च्या दशकात आदिलशाही राजकन्येच्या विवाहात सोलापूर आंदण द्यायचे ठरले. ते दिले गेले नाही आणि त्यावरून पिढ्यान्‌पिढ्या लढाया झाल्या. पुढे तालिकोटच्या लढाईपूर्वी चांदबिबीच्या विवाहात निजामशाहाने हा किल्ला आदिलशाहाला आंदण म्हणून दिला.

४/१३
मे १८१८ मध्ये जनरल मन्रोच्या फौजेने पेशव्यांच्या सैन्याचा येथे पराभव करून किल्ला घेतला. पर्यटकांच्या माहितीपुस्तिका साधारण इथेच मिटतात. वास्तविक आज डोळ्यांसमोर असलेले सोलापूर यानंतर घडू लागले. १८६० मध्ये रेल्वे आली. १८७१ मध्ये एकरुखचा, म्हणजेच हिप्परग्याचा, तलाव पूर्ण झाला. १८७७ मध्ये, थोर दुष्काळाच्या ऐन काळात, पहिली कापड गिरणी सुरू झाली.

५/१३
तीच ‘सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी’. लोकांच्या तोंडी ‘जुनी मिल’. तिचे प्रवर्तक शेठ मोरारजी गोकुळदास यांचे नाव मुरारजी पेठेत टिकून आहे. पुढे लक्ष्मी, विष्णू आणि नरसिंगगिरजी या गिरण्या आल्या. तेलंगणातून पद्मशाली विणकरांची कुटुंबे आली आणि शहराच्या पूर्व भागात हातमागांची, नंतर यंत्रमागांची खटखट सुरू झाली. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच रस्त्यावर ऐकू येतात, त्याचे एक मोठे कारण हा कापडधंदा आहे. चादर घेणाऱ्याने हे गाठीशी ठेवावे.

६/१३
या शहराच्या नकाशावर ‘सेटलमेंट’ नावाचा भागही आहे. इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायद्याखाली संपूर्ण समाजांना जन्मतःच गुन्हेगार ठरवले आणि त्यांतील कुटुंबांना काटेरी तारेच्या कुंपणाआड ठेवले. सोलापूरची वसाहत त्यांतील मोठ्या वसाहतींपैकी एक होती. हजेरी देऊन बाहेर पडायचे, गिरणीत राबायचे आणि हजेरीलाच परतायचे, असा तिथला दिवस. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. कुंपण गेले, ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ हे नाव राहिले.

७/१३
मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेची वार्ता आली आणि गिरण्या थांबल्या. ८ मे रोजी रूपाभवानी परिसरात शिंदीची झाडे तोडणाऱ्या जमावाशी पोलिसांचा संघर्ष झाला. गोळीबारात शंकर शिवदारे हा तरुण धारातीर्थी पडला. जमावाच्या हातून पोलीसही मारले गेले आणि न्यायालयाची इमारत जळाली. पुढचे काही दिवस इंग्रजी अंमल नावापुरताही उरला नाही. काँग्रेसचे स्वयंसेवक रस्त्यावरची व्यवस्था पाहत होते.

८/१३
१२ मे रोजी लष्करी कायदा पुकारण्यात आला. तो जूनअखेरपर्यंत चालला. गांधी टोपी घालणेही त्या दिवसांत शिक्षेला कारण होई. पोलिसांच्या हत्येच्या खटल्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली. चौघे चार निराळ्या समाजांतील होते. पुण्याहून येणारी ‘हुतात्मा एक्सप्रेस’ त्यांचेच स्मरण वाहते. तिच्यातून उतरणाऱ्या किती प्रवाशांना ही चार नावे ठाऊक असतात?

९/१३
जुन्या मिलची आणखी एक कथा थेट भारतीय राज्यघटनेपर्यंत जाते. १९४९ मध्ये गिरणी बंद पडली. राज्यघटना अमलात येण्याच्या १७ दिवस आधी, ९ जानेवारी १९५० रोजी, केंद्र सरकारने वटहुकूम काढून तिचे व्यवस्थापन ताब्यात घेतले. चरणजितलाल चौधरी या भागधारकाने त्याला आव्हान दिले. डिसेंबर १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अर्ज फेटाळला. १९५३ मध्ये द्वारकादास श्रीनिवास यांच्या दाव्यात मात्र हाच कायदा घटनाबाह्य ठरला.

१०/१३
प्रश्न मूलभूत होता. कामगारांचे पोट आणि देशाचे उत्पादन यांसाठी सरकारने खासगी मालमत्ता ताब्यात घेतली, तर भरपाई द्यावी लागेल काय? १९५५ च्या चौथ्या घटनादुरुस्तीमागे जे निकाल होते, त्यांत सोलापूरच्या या खटल्याचा समावेश होतो. विधी महाविद्यालयांतील मुले हा निकाल आजही अभ्यासतात. पण ज्या अंगणात तो प्रश्न जन्मला, ते अंगण प्रेक्षणीय स्थळांच्या यादीत नाही.

११/१३
‘गिरणीत पाहायचे काय, पडक्या भिंती?’ हा आक्षेप ठरलेला. त्याला दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्गचे उत्तर पाहावे. तेथील जुन्या किल्ल्याच्या तुरुंगात १९०८ मध्ये गांधीजी कैदेत होते, पुढे नेल्सन मंडेलाही. वर्णभेदाची राजवट संपल्यावर त्याच आवारात देशाचे संवैधानिक न्यायालय उभारले गेले. पाडलेल्या तुरुंग-इमारतीच्या विटा त्याच्या बांधकामात वापरल्या. २००४ पासून न्यायालय तेथे भरते आणि लोक ते आवार आवर्जून पाहतात. लाज वाटावी अशी जागाही जतन करता येते, हे त्या शहराने दाखवले.

१२/१३
येथे एक सावधगिरी हवी. सेटलमेंट ही माणसांची नांदती वस्ती आहे. तिचे प्रदर्शन मांडणे हा दुसरा अन्याय ठरेल. तेथे काय सांगावे आणि काय सांगू नये, हे तेथील रहिवाशांनीच ठरवायचे. गिरण्यांचे तसे नाही. गिरण्या थांबल्या, जमिनींना भाव आला आणि जुने बांधकाम एकेक करून नाहीसे होत आहे. भोंग्यावर ज्यांचे दिवस सुरू होत, ती माणसे आता वृद्ध झाली आहेत. उरलेल्या अवशेषांची नोंद, एखाद्या खात्याचे जतन, कामगारांच्या मुलाखती आणि मजकुराचा एक स्पष्ट फलक, एवढे तरी या पिढीत व्हायला हवे. पुढच्या पिढीला ते शक्यच होणार नाही.

१३/१३
तोपर्यंत जिज्ञासूंनी आपली यादी स्वतः वाढवावी. सकाळी सिद्धेश्वर आणि किल्ला. मग चार हुतात्म्यांचे पुतळे आणि अप्पासाहेब वारद यांनी बांधलेले इंद्रभुवन, म्हणजे आजची महापालिका. चीनमधील युद्धात जखमींची सेवा करताना १९४२ मध्ये दिवंगत झालेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९१० मध्ये याच शहरात जन्मले. त्यांच्या घराचे स्मारक पाहावे. दुपारी मुरारजी पेठ, संध्याकाळी पूर्व भागातील मागांचा आवाज. चादर शेवटी घ्यावी. ती कोणी विणली, हे विचारून घ्यावी.