जीव वाचला ना, मग गप्प बसा!

बारामतीतल्या एका मेडिकलमध्ये मी मोठ्यांचे डायपर मागितले. काउंटरवरच्या पोराने आधी इकडेतिकडे पाहिलं, पाकीट पेपरात गुंडाळलं, काळ्या पिशवीत घातलं आणि हळूच विचारलं, "आजीसाठी का?" मी "हो" म्हणालो. आजी जाऊन सहा वर्षं झाली. डायपर अण्णांसाठी होते, माझ्या वडिलांसाठी.

हे लिहिण्याआधी मी अण्णांना विचारलं. "नाव सोडून लिही," म्हणाले. म्हणून नाव सोडून लिहितोय.

अण्णा ६३ वर्षांचे. इंदापूर तालुक्यात आमचा ऊस आहे. प्रोस्टेटचा कॅन्सर वेळेत सापडला, पुण्यात ऑपरेशन झालं, ग्रंथी काढली, गाठ बाहेर पसरलेली नव्हती. सगळं उत्तम. डिस्चार्जच्या वेळी तीन पानी इंग्रजी कागद हातात आला. त्यात गोळ्या होत्या, टाके होते, पीएसए तपासणीची तारीख होती. नळी काढल्यावर लघवी ठिबकत राहील, हे नव्हतं. शरीरसंबंधांचं काय, हे तर नव्हतंच. मी धीर करून डॉक्टरांना विचारलं. ते हसले. "आता या वयात काय? जीव वाचला ना!"

माझं भांडण या वाक्याशी आहे.

जीव वाचला, पण अण्णांनी पारावर जाणं सोडलं. खोकला आला, बसल्याचं उठलं, पाण्याची कळशी उचलली की धोतर ओलं. इंदापूरहून बारामतीला एसटीने जायचं बंद. लग्नाला गेले तर दाराजवळची खुर्ची. आणि एके दिवशी त्यांनी आपलं अंथरूण ओसरीवर नेलं. आईला वाटलं, आपल्यावर राग आहे. चार महिने ती माउली आपलं काय चुकलं ते शोधत होती.

आता जे डॉक्टरांनी पाच मिनिटांत सांगायला हवं होतं, ते मी सांगतो. प्रोस्टेट मूत्राशयाच्या खाली, मूत्रनलिकेभोवती असते. ती काढताना लघवी अडवणाऱ्या यंत्रणेचा वरचा भाग जातो आणि सगळा भार खालच्या झडपेवर, म्हणजे स्नायूंवर पडतो. त्या स्नायूंना नवं काम शिकायला वेळ लागतो. बहुतेकांची गळती काही आठवड्यांत किंवा महिन्यांत कमी होते, काहींना वर्ष लागतं. व्यायाम असतो: गॅस अडवताना आपण जे आवळतो तेच आवळायचं, काही सेकंद धरायचं, पूर्ण सोडायचं. मांड्या आणि पोट आवळायचं नाही, श्वास रोखायचा नाही. खोकण्याआधी, उठण्याआधी आवळायचं. डॉक्टर आर्नोल्ड केगेल यांनी हे व्यायाम १९४८ साली मांडले, तेही बाळंतपणानंतरच्या बायकांसाठी. आणि वर्षभरानंतरही गळती फार असेल तर त्यावर शस्त्रक्रिया आहेत, कृत्रिम झडपसुद्धा बसवता येते.

दुसरी गोष्ट. ताठरता आणणाऱ्या नसा प्रोस्टेटला अगदी चिकटून दोन्ही बाजूंनी जातात. त्या वाचवून ऑपरेशन करता येतं, हे अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या पॅट्रिक वॉल्श यांनी १९८२ साली दाखवलं. पण कॅन्सर नसांपर्यंत गेला असेल तर त्या काढाव्या लागतात, आणि वाचवल्या तरी त्या दुखावतात. सावरायला वर्ष, दोन वर्षं लागू शकतात. सगळ्यांचं पूर्ववत होत नाही, हेही खरं. पण गोळ्या आहेत, व्हॅक्यूमचं उपकरण आहे, इंजेक्शन आहे, शेवटी इम्प्लांट आहे. वीर्य येत नाही, पण सुखाची जाणीव ताठरतेशिवायही येऊ शकते. हे कळायला मला दोन रात्री लागल्या, कारण मला इंग्रजी येतं. अण्णांना येत नाही. मग त्यांनी काय करायचं?

त्यांच्यासाठी गावोगावच्या भिंती आहेत ना! 'मर्दानी ताकद', 'गुप्तरोग', 'आठ दिवसांत फरक', खाली मोबाईल नंबर. डॉक्टर जिथे गप्प बसतो तिथे हा बोलतो, म्हणून याचं दुकान चालतं. असल्या 'हर्बल' गोळ्यांत सिल्डेनाफिल न सांगता मिसळलेलं औषध नियामकांना अनेकदा सापडलं आहे. छातीच्या दुखण्यासाठी नायट्रेट घेणाऱ्या माणसाच्या पोटात ते गेलं तर रक्तदाब इतका कोसळतो की जीवही जाऊ शकतो. म्हणजे 'जीव वाचला ना' म्हणणाऱ्यांनी वाचवलेला जीवच पुन्हा पणाला लागतो.

काही जण म्हणतील, ही चारचौघांत बोलायची गोष्ट आहे का? नाही. अण्णांनी पारावर भाषण द्यावं, असं माझं म्हणणं नाही. पण दवाखान्याची बंद खोली म्हणजे चारचौघं नव्हेत. तिथेही शब्द नसतील तर ती मर्यादा नाही, निष्काळजीपणा आहे.

बोलल्याने काय होतं, हे बारामतीला वेगळं सांगायला नको. शरद पवारांच्या तोंडाच्या कॅन्सरवर २००४ साली शस्त्रक्रिया झाली. गुटख्याच्या सवयीबद्दल ते नंतर जाहीरपणे बोलले. आज आमच्याकडे पोराच्या हातातली पुडी काढून घेताना लोक त्यांचा दाखला देतात. तोंडाचा कॅन्सर बोलता येतो. कमरेच्या खाली आला की तो 'लघवीचा त्रास' होतो. आमच्याच भावकीतल्या एकाने 'ऑपरेशन केलं की माणूस बाद होतो' एवढंच ऐकलं आणि तपासणीला जायलाच नकार दिला. खरं काय होतं आणि काय नाही, हे त्याला कुणी सांगितलं असतं तर?

आणि मराठीत हे बोलताच येत नाही, असं म्हणू नका. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' काढलं आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवलं. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ साली त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले ते डॉ. आंबेडकर. खटला हरले, मासिक थांबलं नाही. ज्या भाषेत नव्वद वर्षांपूर्वी हे छापलं जात होतं, त्या भाषेत आज एक डिस्चार्जचा कागद निघत नाही.

मी काय केलं? दोन पानं मराठीत लिहिली. दिवसभर कोड लिहिणारा मी 'ताठरता' या शब्दापाशी अर्धा तास अडलो होतो. अण्णांनी पानं वाचली, घडी करून खिशात ठेवली. दोन दिवसांनी गोठ्यात, माझ्याकडे न बघता म्हणाले, "ह्याला दोन वरसं लागत्यात व्हय? मला वाटलं, संपलंच." आईने तीच पानं वाचली आणि माझ्यावरच चिडली. "एवढंच हुतं, तर डॉक्टरनं मला का न्हाई सांगितलं?"

तिचा प्रश्न बरोबर आहे. म्हणून मागण्या साध्या आहेत. ऑपरेशनआधी नवराबायकोला एकत्र बसवून मराठीत सांगा. व्यायाम ऑपरेशनआधीच शिकवा. डिस्चार्जच्या कागदावर गळती आणि संबंध, दोन्हींबद्दल लिहा आणि पुढच्या भेटीत तुम्ही स्वतःहून विचारा, पेशंट विचारणार नाही. एसटी स्टँडवरच्या पुरुषांच्या मुतारीत पॅड टाकायला झाकणाचा डबा ठेवा. ब्रिटनमध्ये प्रोस्टेट कॅन्सर यूके या संस्थेने अशा डब्यांसाठी मोहीमच चालवली आहे. आणि फोनवर हे वाचणाऱ्या माझ्या वयाच्या पोरापोरींनो, घरात कुणाचं हे ऑपरेशन झालं असेल तर 'बरं आहे ना?' विचारून थांबू नका. पुढचा प्रश्न विचारा. लाज वाटेल. मलाही वाटली.

अण्णांची गळती आता बरीच कमी झाली आहे. अंथरूण ओसरीवरून आत गेलं. पुढचं मी विचारलं नाही, ते त्या दोघांचं आहे. तुकोबांची पालखी आली तेव्हा ते बेलवाडीला रिंगण बघायला गेले, पिशवीत दोन पॅड घेऊन. गेल्या आठवड्यात मी पुन्हा त्या मेडिकलमध्ये गेलो. पोरगा पेपर शोधायला लागला. म्हटलं, राहू दे, तसंच दे. वडिलांसाठी आहेत.