जर्नल उतरवून 'सी' येत नाही

आपल्या जिल्ह्यात कॉम्प्युटर डिप्लोमाची पोरं दुसऱ्या सेमिस्टरला 'सी' शिकतात, तिसऱ्याला डेटा स्ट्रक्चर. पण सबमिशन आलं की काय? एकमेकांचं बघून जर्नल उतरवायचं, प्रोग्राम पाठ करायचा, झालं!

दूध संकलन केंद्राचं घ्या. रोजच्या दुधाची नोंद फाइलमध्ये ठेवायचीय. फाइल 'डब्ल्यू' मोडमध्ये उघडली, तर आधीचा सगळा हिशेब पुसला जातो. 'ए' मोडमध्ये उघडली, तर नवी नोंद शेवटी जोडली जाते. फरक एका अक्षराचा, पण शेतकऱ्याचा दहा दिवसांचा दुधाचा पगार त्यावर अवलंबून. फाइल उघडलीच नाही, तर 'एफओपन' नल देतं. ते तपासायचं कोणी?

कांदा मार्केटबाहेरची ट्रॅक्टरची रांग म्हणजे क्यू, आधी आला तो आधी आत. क्रेटची थप्पी म्हणजे स्टॅक, शेवटी ठेवलेलं आधी निघतं.

असं शिकवायला वेगळा निधी लागत नाही. सरांनी तोंडी परीक्षेत एवढंच विचारावं, 'ए'च्या जागी 'डब्ल्यू' टाकलं तर काय होईल? पाठांतर तिथेच उघडं पडेल. आणि पालकांनो, मार्क विचारता, तसं पोरांना हेही एकदा विचारा. उद्या आपल्याच गावाचा हिशेब त्यांच्या हातात असणार आहे.