खांद्यावरचे ओझे



चातुर्मास संपून कार्तिकी पौर्णिमा झाली की आपल्या घराघरांत यात्रेच्या गोष्टी सुरू होतात. कोणी पालिताण्याचे नाव घेतो, कोणी गिरनारचे, कोणी मांगीतुंगीचे, तर कोणी शिखरजींचे. रेल्वेचे आरक्षण, धर्मशाळेतील खोली, बरोबर न्यावयाचा सुका नाश्ता यांची चर्चा दिवसेंदिवस चालते. मात्र हे सारे ज्या सॅकमध्ये भरून पाठीवर घ्यावयाचे, तिचा विचार सहसा होत नाही. एखाद्या कंपनीने विक्री-योजनेत भेट दिलेली बॅग माळ्यावरून खाली येते आणि ‘फुकटची आहे, चालेल’ या शब्दांवर विषय संपतो.

आमच्या घरीही तो असाच संपला होता. मांगीतुंगीहून उतरताना सॅकचा एक पट्टा शिवणीतून निघून हातात आला. सॅकमध्ये चौघांचे पाणी आणि आईची औषधे होती. उरलेल्या पायऱ्या मी ती छातीशी कवटाळून उतरलो. आईला आधार देण्यास माझा हात मोकळा नव्हता. ती कठडा धरून एकेक पायरी उतरली. बोलली काहीच नाही. त्या दिवसापासून सॅक ही मला क्षुल्लक वस्तू वाटत नाही.

शिखरजींची चढाई, वंदना आणि उतरण मिळून सुमारे २७ किलोमीटरची वाटचाल होते. शत्रुंजयाच्या पायऱ्या साडेतीन हजारांहून अधिक आहेत. एवढ्या वाटेवर ओझे खांद्यांनी नव्हे, कमरेने वाहावे, हे पहिले सूत्र होय. यासाठी रुंद, गादीदार कमरपट्टा असलेली सॅक घ्यावी. आधी कमरपट्टा नितंबाच्या हाडांवर आवळावा, मग खांद्याचे पट्टे ओढावेत, शेवटी छातीचा पट्टा लावावा. सॅकची उंची माणसाच्या उंचीवर नव्हे, पाठीच्या लांबीवर ठरते. मान खाली वाकविल्यावर मानेच्या तळाशी जे हाड वर येते, तेथपासून कमरेच्या हाडापर्यंतचे अंतर मोजावे. म्हणूनच वडिलांची सॅक मुलीला बहुधा नीट बसत नाही. जड वस्तू पाठीला लागून, मध्यभागी ठेवाव्यात. त्या बाहेरच्या कप्प्यात गेल्या की सॅक मागे खेचते आणि चढताना माणूस विनाकारण पुढे वाकतो.

टिकाऊपणाचे गणित कापडाच्या पेढीवर बसणाऱ्यांना सांगावयास नको. ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे डेनिअर. डेनिअर जितका अधिक, तितका धागा जाड. परंतु सॅक बहुधा कापडातून फाटत नाही; ती शिवणीतून आणि चेनमधून जाते. दुकानात सॅक उलटी करून पाहावी. पट्टा जेथे अंगाला जोडला आहे तेथे दाट, आडव्या टाक्यांची पक्की शिवण हवी आणि आतील कडांना पट्टी लावलेली हवी. मुख्य चेन जाड दातांची असावी. चामड्याचा पट्टा किंवा लेबल लावलेली सॅक आपण घेणार नाहीच. नायलॉन वा पॉलिएस्टर सर्व दृष्टींनी बरे. यात्रेहून परतल्यावर सौम्य साबणाने हाताने धुवावी आणि सावलीत वाळवावी, कारण कडक उन्हाने नायलॉनचा धागा कमजोर होतो. दमट जागी दाबून ठेवल्यास आतील जलरोधक थर चिकट होऊन सुटू लागतो.

आता वजन. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे आपण विसरतो. शाळेचे दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जड नसावे, असे २०२० चे राष्ट्रीय धोरण सांगते. मुलांसाठी यात्रेतही तेच माप लावावे. शत्रुंजयावर काही खाण्याची प्रथाच नाही, मग फराळाचे डबे वर कशासाठी? निघण्यापूर्वी एका रविवारी भरलेली सॅक घेऊन वेरूळला जावे. जैन लेण्यांचे दर्शन घेऊन वरच्या डोंगरावरील पार्श्वनाथ मंदिरापर्यंत चढावे. कोणता पट्टा काचतो, कोणती वस्तू उगीच घेतली, हे तेथेच कळते.

घरी परतल्यावर मी ती सॅक रिकामी केली. दोन जादा स्वेटर, बिस्किटांचे चार पुडे, मोबाइलचे दोन चार्जर आणि एक जाडजूड वही निघाली; यांतील एकाही वस्तूला डोंगरावर कोणाचा हात लागला नव्हता. अपरिग्रहावरील प्रवचने आपण वर्षानुवर्षे ऐकतो, पण व्रताचे वजन मला त्या दिवशी समजले. शिवाय डोलीत बसणाऱ्यांच्या मांडीवर आपण आपल्या पिशव्या ठेवतो, तेव्हा ते ओझे नाहीसे होत नाही. ते डोलीवाल्याच्या खांद्यावर जाते. त्याच्या खांद्यावर गादीदार पट्टा नसतो, घडी घातलेले एक फडके असते.

यंदा निघताना सॅक चांगली घ्या आणि तीत कमी भरा. एक हात मात्र मोकळा ठेवा. घरातील वडीलधाऱ्यांना तो लागतो.

जय जिनेंद्र.