सुरांना दाद मिळाली, खाँसाहेबांना इन्साफ नाही

‘कट्यार काळजात घुसली’ हा चित्रपट २०१५ च्या दिवाळीत आला आणि मराठी समीक्षक एका सुरात वाहवा करू लागले. वाहवा गैर नव्हती. अभिषेकीबुवांच्या मूळ चाली, शंकर-एहसान-लॉय यांची नवी गाणी, राहुल देशपांडे आणि महेश काळे यांचे गळे. काळे यांना तर राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. संगीत नाटक कधीही न पाहिलेली पोरं चित्रपटगृहात गेली, हेही कमी नाही.

पण समीक्षा हे फक्त कानांचं काम नाही. मी वाचलेल्या बहुतेक परीक्षणांत गाणी, नेपथ्य आणि सचिन पिळगांवकरांचा अभिनय यांवर रकाने भरले होते. खाँसाहेब आफताब हुसेन या माणसाचं पडद्यावर काय झालं, हे विचारायला मात्र जागा उरली नव्हती.

पुरुषोत्तम दारव्हेकरांचं नाटक १९६७ साली रंगभूमीवर आलं. खाँसाहेब झाले होते वसंतराव देशपांडे. प्रेक्षक त्यांच्यासाठी जात, त्यांच्यावर चिडत आणि त्यांच्याच गाण्यावर जीव टाकत. चित्रपटाने पंडितजींची पूर्वकथा वाढवली आणि पारडं झुकलं. पंडितजी खाँसाहेबांना मिरजेत ऐकतात, मोठ्या मनाने विश्रामपूरला बोलावतात. खाँसाहेब हरत राहतात, जळत राहतात. शेवटी त्यांच्याच घरातून दगा होतो आणि पंडितजींचा आवाज जातो. सगळं औदार्य एका घरात, सगळी असूया आणि कारस्थान दुसऱ्या घरात. कोणतं घर कोणाचं, हे प्रेक्षकाला सांगावं लागत नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं: “अहो, कलेला धर्म नसतो. ‘यार इलाही’सारखी कव्वाली आहे की चित्रपटात!” आहे, आणि छान आहे. पण एका कव्वालीने पात्ररचनेचा हिशेब चुकता होत नाही. मुसलमान पात्र फरिश्ताच असावं, अशी माझी मागणी नाही. खाँसाहेब अहंकारी असू देत, मत्सरी असू देत. शेवटी त्यांचा अहंकार गळतो, हेही मान्य. माझा सवाल एवढाच की पंडितजींना एकही दोष का नाही? हा सवाल कलेचाच आहे, आणि तो समीक्षकाने विचारायला हवा होता.

आता इतिहास पाहा. ज्या मिरजेतून हे खाँसाहेब येतात, त्याच मिरजेत उस्ताद अब्दुल करीम खाँ राहिले. त्यांनी सवाई गंधर्वांना तालीम दिली. कोल्हापूर दरबारच्या अल्लादिया खाँसाहेबांकडे केसरबाई केरकर शिकल्या. भास्करबुवा बखले एकाहून अधिक खाँसाहेबांचे शागीर्द, आणि बालगंधर्व भास्करबुवांचे. खुद्द या नाटकाचं पाहा. वसंतराव लाहोरला उस्ताद असद अली खाँ यांच्याकडे शिकले होते आणि अभिषेकींना अजमत हुसेन खाँ यांची तालीम होती. उस्ताद विद्या राखून ठेवत, हे खरं. पण त्यांनी दिली नसती, तर ‘कट्यार’ची गाणी गायला कोण उरलं असतं?

हे सगळं मराठी संगीत-समीक्षकांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. म्हणूनच त्यांचं गप्प राहणं खटकतं. आज शाळेतल्या कितीतरी मुलांना ‘खाँसाहेब’ हा शब्द पहिल्यांदा या पडद्यावरच भेटतो. त्यांच्या मनात तो मत्सर आणि दगा यांना चिकटून बसला, तर सोडवायचा कोणी? आम्ही शिक्षक वर्गात प्रयत्न करू. पण पुढचं संगीत नाटक पडद्यावर येईल तेव्हा समीक्षकांनीही गाणी कशी जमली एवढ्यावर थांबू नये. ती गाणी ज्यांच्या घरातून आली, त्यांना पडद्यावर कोणती जागा दिली, हेही लिहावं.