पडक्या भिंतीची साक्ष

गेल्या हिवाळ्यात जुन्या गोव्याची वारी करून आम्ही तिगावास परतलो, तेव्हा पारावरच्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी आम्हांस भर मंडळीत विचारले, "वकीलसाहेब, पडकं पाह्याले इतल्या दूर गोव्याले कायले गेल्ते? आपला देवगड का कमी पडका हाय?" मंडळी हसली, आम्हीही हसलो. परंतु थट्टेत टाकलेला प्रश्न कधीकधी उलटतपासणीतल्या प्रश्नाहून अवघड असतो. त्या दिवशी आम्हांस उत्तर सुचले नाही. हा लेख ते उत्तर होय.

प्रथम आमच्याविषयी दोन शब्द. तिगाव हे पांढुर्णा-सौंसर भागातले गाव. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि मराठी बोलणारा आमचा हा पट्टा छिंदवाड्याबरोबर मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, पण रेघ जिथे होती तिथेच आहे. सरहद्दीवर राहणाऱ्या माणसास एक गोष्ट पुस्तकावाचून कळते: राज्याची हद्द आणि माणसाची मिरास या दोन गोष्टी एकमेकींवर क्वचितच नेमक्या बसतात. आमचे काय आणि परक्याचे काय, याचा निवाडा करण्याची घाई म्हणूनच आम्हांस नसते. गोव्यात मात्र ती घाई आम्ही तासाभरात अनेकांच्या तोंडी ऐकली, आणि तीही अशा जागी की जेथे माणसाने आधी गप्प उभे राहावे.

ती जागा म्हणजे जुन्या गोव्यातील पवित्र टेकडीवरचे संत ऑगस्टिनचे भग्न चर्च व मठ. १५७२ साली गोव्यात आलेल्या ऑगस्टिनियन साधूंनी हे चर्च उभारले. १६०२ साली ते पुरे झाले. आज त्याचा उरलेला मनोरा ४६ मीटर उंच आहे, आणि तोही अर्धाच. जांभ्या दगडाचा तो उभा तुकडा दुरून एखाद्या मोडक्या दातासारखा दिसतो. आत गेल्यावर छप्पर नाही, वेदी नाही. पायाखाली मृतांच्या नावांच्या व कुलचिन्हांच्या शिळा, दोन्ही अंगांना लहान लहान कपेलांचे कोनाडे, आणि कोठे कोठे भिंतीस चिकटून राहिलेल्या निळ्या नक्षीच्या फरश्या. समोरच संत आंतोनचे राजकपेल आहे. ते धडधाकट उभे आहे, तेथे प्रार्थना होते. रस्त्याच्या एका अंगास नांदती वास्तू आणि दुसऱ्या अंगास उजाड, असा हा देखावा आहे. आम्ही एका शिळेशेजारी उभे असता तेथील एका वृद्ध बाईंशी बोलणे निघाले. पावसाने हे चिरे झिजत असतील, असे आम्ही म्हणालो. त्या म्हणाल्या, "मनशांपरस पावस बरो, बाब. तो सवकास खाता." माणसांपेक्षा पाऊस बरा, तो निदान सावकाश खातो! या विषयावर याहून नेमके वाक्य आम्ही कोठल्याही निकालपत्रात वाचलेले नाही.

कारण त्याच तासाभरात माणसांची तोंडे आम्ही ऐकत होतो. एक गृहस्थ आपल्या मुलांस सांगत होते की हे चर्च मराठ्यांनी पाडले. त्यांच्या स्वरात अभिमान होता. दुसरे एक कुटुंब तीच गोष्ट दुःखाने बोलत होते. अभिमान व दुःख दोन्ही खरी असतील. हकीकत मात्र खोटी आहे. हे चर्च ना मराठ्यांनी पाडले, ना अन्य कोणा शत्रूने. १८३४ साली पोर्तुगालच्या उदारमतवादी सरकारने आपल्या राज्यातले साधुसंघ कायद्याने बरखास्त केले. १८३५ साली तो हुकूम गोव्यात अमलात आला, साधूंना मठ सोडावा लागला. ओस पडलेल्या चर्चचे छत १८४२ साली कोसळले. मनोऱ्यातली प्रचंड घंटा आधी आग्वादच्या दीपगृहावर गेली आणि १८७१ पासून ती पणजीच्या चर्चमध्ये आहे. १९३१ साली दर्शनी भिंत व निम्मा मनोरा ढासळला. म्हणजे ज्या सत्तेच्या छत्राखाली ही वास्तू उभी राहिली, त्याच सत्तेच्या एका कागदाने ती मोडली. तोफेचा एक गोळाही लागला नाही. आम्ही वकील लोक कागदाची शक्ती जाणतो. तरीही शाईने एवढी इमारत पडलेली पाहून आम्हीसुद्धा क्षणभर दिङ्मूढ झालो.

आता ज्यांचे म्हणणे अधिक जोरकस आहे त्यांच्याकडे वळू. ते म्हणतात, कोणीही पाडले असो, हे परक्या जुलमाचे अवशेष आपण आपल्या खर्चाने का जपावे? या प्रश्नामागची वेदना आम्ही नाकारीत नाही. १५४० पासून तिसवाडीतील देवळे पाडली गेली. १५४१ साली त्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न ख्रिस्ती धर्मकार्याकडे वळवण्यात आले. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास गेली. १५६० साली आलेले इन्क्विझिशन १८१२ साली कायमचे उठले. १६८४ साली तर कोकणी भाषेवरच बंदीचा हुकूम निघाला. हे सारे खरे आहे, आणि हे विसरावे असे सांगणारा मनुष्य आमचा अशील कधीही होणार नाही.

परंतु ज्याची फिर्याद खरी आहे त्याने तर पुरावा दुप्पट जपला पाहिजे! गुन्ह्याचा पुरावा नाहीसा करणे हा आपल्या दंडसंहितेच्या कलम २०१ प्रमाणे अपराध होता. २०२४ पासून तोच नव्या न्यायसंहितेच्या कलम २३८ मध्ये आला आहे. हा अपराध बहुधा आरोपी करतो. फिर्यादीनेच आपल्या हाताने पुरावा पुसल्याचे आम्ही आजवर पाहिले नाही. आणि पवित्र टेकडीवरची ती भिंत म्हणजे त्या काळाचा सगळ्यांत बोलका पुरावा आहे. एवढी संपत्ती एका मठात कशी जमली, ती कोणत्या सत्तेच्या बळावर जमली, आणि सत्तेचे मन फिरताच ती कशी धुळीस मिळाली, हे सारे ती भिंत एकाच वेळी सांगते. भिंत पाडणारा मनुष्य जुलमाचा सूड घेत नाही; तो जुलमाची साक्ष मिटवतो.

याच्या उलट दुसरा पक्ष आहे. तो म्हणतो, ही वास्तू पुन्हा पूर्ववत उभारा. भाविकांचे समाधान होईल, प्रवाशांची गर्दी वाढेल. या पक्षाचा हेतू गोड आहे, म्हणून तो अधिक धोक्याचा आहे. साक्षीदार तोतरा असला म्हणून त्याच्या तोंडी आपले शब्द घालायचे नसतात. आज कोणी नवा मनोरा रचला तर तो आजच्या कंत्राटदाराचा मनोरा होईल. साधूंचा होणार नाही. या हौसेचे फळ काय असते ते पाहण्यास टेकडी उतरून थोडे खाली आले की पुरे. बॉ जेझूस बासिलिकेच्या बाहेरील चुन्याचा गिलावा १९५० च्या दशकात बाल्ताझार कास्त्रु या पोर्तुगीज जीर्णोद्धारकाने काढवला. इमारत अधिक प्राचीन दिसावी, हा त्यामागचा विचार. जांभा दगड सच्छिद्र; गिलावा हे त्याचे पावसाळी घोंगडे. ते घोंगडे काढून घेतल्यामुळे त्या भिंती आज कित्येक दशके कोकणचा पाऊस अंगावर झेलीत आहेत, आणि गिलावा पुन्हा द्यावा की नाही यावर वाद चालू आहे. देखाव्यासाठी वास्तू सजवणे आणि देखाव्यासाठी ती उघडी करणे, ही एकाच रोगाची दोन लक्षणे आहेत.

पडझड जशीच्या तशी राखण्यात लाभ काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर त्या मठातल्याच एका उद्ध्वस्त कपेलाने दिले आहे. जॉर्जियातील काखेती राज्याची राणी केतेवन हिला १६२४ साली इराणात शिराझ येथे शाह अब्बासच्या आज्ञेने हालहाल करून मारण्यात आले. धर्म सोडण्यास तिने नकार दिला होता. तेथील ऑगस्टिनियन साधूंनी तिचे अवशेष गुप्तपणे जपले आणि त्यांतला काही भाग १६२७ साली गोव्यास आणला. साधूंची सभा जेथे भरे त्या कपेलाच्या एका खिडकीत, दगडी पेटीत, ते ठेवल्याची नोंद जुन्या पोर्तुगीज कागदांत होती. कपेल पडले, खिडकी पडली, पेटी फुटली. भारतीय पुरातत्त्व खात्याने १९८९ पासून तो ढिगारा शास्त्रशुद्ध रीतीने उकरावयास घेतला, आणि २००४ साली त्या खिडकीच्या आसपासच एक हाताचे हाड मिळाले. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेत त्याची डीएनए-परीक्षा झाली. जो मातृवंश त्यात दिसला तो भारतातल्या हजारो नमुन्यांत आढळला नव्हता. जॉर्जियात तो आढळला. २०२१ साली त्या अवशेषांतील एक भाग भारताने जॉर्जियास समारंभपूर्वक दिला.

वाचकहो, या प्रकरणातला साक्षीचा क्रम पाहा: कागद, जागा, वस्तू, आणि तज्ज्ञाची तपासणी. कोणत्याही न्यायासनाने मान्य करावा असा हा सांधा आहे. यातली जागा जर कोणी एकोणिसाव्या शतकात साफ केली असती, किंवा विसाव्या शतकात तिच्यावर चकचकीत फरशी घातली असती, तर कागद आणि हाड यांची गाठ कधीच पडली नसती. जवळजवळ चारशे वर्षांनी एका परक्या राणीला तिच्या देशाची माती मिळाली, ती एका ढिगाऱ्याच्या कृपेने. गोवेकरांचे तिच्याशी नाते कोणते? ना धर्माचे, ना रक्ताचे, ना राज्याचे. राखणदाराचे नाते तेवढे होते, आणि तेच अखेरीस कामास आले.

येथे कोणी आम्हांस पेचात पकडू पाहील. २०२२ साली गोवा शासनाने पोर्तुगीजांनी पाडलेल्या देवळांच्या पुनर्बांधणीसाठी अंदाजपत्रकात २० कोटी रुपये ठेवले. मग तुमचा न्याय तेथे कोणता? तोच. आपल्या भाषेत जीर्णोद्धार आणि जतन असे दोन शब्द आहेत, ते उगाच नाहीत. देव जेथे नांदतो तेथे जीर्णोद्धार करावा. देव जेथून उठला तेथे जतन करावे. दिवाडीवरचा सप्तकोटेश्वर पलीकडे डिचोलीतल्या नार्व्यास गेला, तेथे १६६८ साली शिवाजी महाराजांनी त्याचा जीर्णोद्धार केला. महाराजांनी देव जेथे होता तेथे देऊळ बांधले. हा धडा चर्चला लागू आहे आणि देवळालाही. मांडवीकाठच्या ज्या चर्चमध्ये आज मिस्सा होते त्याचे छप्पर गळता कामा नये. दिवाडीला ज्या तळ्याकाठी आज देऊळ नाही, तेथले विखुरलेले दगड कोणी हलवता कामा नयेत. जो एका ठिकाणी जतनाचा आग्रह धरतो आणि दुसऱ्या ठिकाणी विसरतो, त्याला इतिहासाशी कर्तव्य नाही. त्याला पक्षकार व्हायचे आहे.

उरला कायद्याचा प्रश्न. १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा व त्यास २०१० साली जोडलेली कलमे यांनी संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर मनाई आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रण घातले आहे. जुन्या गोव्याच्या चर्चांना व मठांना १९८६ पासून जागतिक वारशाचा दर्जाही आहे. एवढी तटबंदी असूनही २०२१ साली त्याच परिसरात उभ्या राहू लागलेल्या एका बंगल्यावरून लोकांना रस्त्यावर यावे लागले. त्या चळवळीत ख्रिस्ती होते तसे हिंदूही होते, हे आम्हांस सर्वांत आशादायक वाटते. कायदा हा फार चांगला कुंपणवाला आहे. पण कुंपणातून कोणी शिरत असता ओरडायचे काम त्याला जमत नाही. ते शेजाऱ्यांनीच करायचे असते.

आमची मागणी म्हणूनच मोठी नाही. पवित्र टेकडीवर काही बांधू नका, काही पाडू नका. झिजणाऱ्या चिऱ्याला आधार द्या, पाण्याला वाट द्या, आणि जेथे वास्तू बोलू शकत नाही तेथे खरी हकीकत मराठीत व कोकणीत स्वच्छ लिहून ठेवा: कोणी बांधले, कोणाच्या बळावर बांधले, कोणी मोडले. जे कोणास अभिमानाचे वाटेल तेही लिहा, आणि जे कोणास बोचेल तेही लिहा. आपल्याला सोयीचे तेवढेच ऐकणारा न्यायाधीश आपण कोर्टात सहन करीत नाही. इतिहासात त्याला आपण डोक्यावर का घ्यावे?

आणि आता पारावरच्या त्या गृहस्थांचे उत्तर. काका, देवगड कमी पडका नाही. ज्या बख्त बुलंद शाहाने नागपूर वसवले, त्याची ती राजधानी. आज तेथे काटेरी झुडपांत राजवाड्याच्या भिंती उभ्या आहेत. तुम्ही आम्ही लहानपणापासून ते पडके पाहत आलो आणि म्हणूनच ते कधी पाहिले नाही. गोव्यास जाऊन परक्याचे पडके पाहिल्यावर आम्हांस आपले दिसू लागले. देवगड ना मराठ्यांचा, ना तिगावकरांचा; तो गोंडांचा. त्याची राखण मात्र या मुलखात राहणाऱ्या सगळ्यांकडे आली आहे, जशी केतेवन राणीची राखण गोवेकरांकडे आली होती. येत्या उन्हाळ्यात आपण दोघे देवगडास जाऊ. चढ तुमच्या गुडघ्यांना झेपेल एवढाच चढू. आणि तिथला एकही दगड उचलून आणणार नाही, असे तुम्ही आधी कबूल करायचे.